मेट्रनचा अर्धशिशीचा वॉर्ड

मेट्रन कुजबुजल्या तरी समोरच्या ब्लॉकच्या छज्ज्यावरची कबुतरं उडायची. हे मी वाढवून सांगत नाही. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये केरळपासून आसामपर्यंतची सरकारी कुटुंबं राहत होती. मराठीचं एक अक्षर न कळणाऱ्या त्या सगळ्यांना मेट्रनच्या घरी आज कुठली भाजी आहे हे माहीत असायचं. अशा बाईनं लोकांना शांत बसायला शिकवावं, तेही डोकेदुखीवर इलाज म्हणून, हे त्यांना न पाहिलेल्या माणसाला खरं वाटणार नाही. पण मी त्यांच्याकडे अडीच वर्षं शिकलो.

नाव त्यांना होतंच, पण ते कुणी घेत नसे. त्या मूळच्या अहमदनगरच्या, मिशनच्या कंपाउंडात वाढलेल्या. दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात पस्तीस वर्षं नोकरी करून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा केंद्र सरकारात अधिकारी होता, चाळिशीचा, बिनलग्नाचा आणि अबोल. त्याला मिळालेल्या तळमजल्याच्या क्वार्टरमध्ये मायलेक राहत. स्वतःच्या मुलाला त्या 'साहेब' म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या. "साहेब, टोमॅटो संपलेत." साहेब फाइल बाजूला ठेवायचे आणि पिशवी घेऊन निघायचे.

मी त्यांना पहिल्या भेटीत काकू म्हणालो होतो. "काकू कोण? तुझ्या काकाशी मी लग्न केलेलं नाही. मेट्रन म्हण."

ती पहिली भेट एका रविवारी दुपारी झाली, तेव्हा मी डोळ्यांवर ओला टॉवेल टाकून पलंगावर आडवा होतो. अर्धशिशी मला कॉलेजपासूनची. आधी नजरेच्या एका कोपऱ्यात चमचमणारी नागमोडी रेघ उमटायची. ती मोठी होत जायची आणि तिच्यामागचं जग गायब व्हायचं. अर्ध्या तासानं रेघ जायची आणि कपाळावर घण पडायला लागायचे. त्यातून माझं काम असं, की अर्धशिशीवाल्यानं करू नयेत अशा कामांची यादी केली तर ते पहिलं लिहावं लागेल. मानेसरच्या एका कारखान्यात मी रंग तपासायचो. मोटारीचं नुकतं रंगवलेलं बॉनेट समोर येतं. दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर ट्यूबलाइटच्या रांगा असतात. त्या आरशासारख्या पत्र्यावर रंगाचा एखादा दाणा, एखादा ओघळ राहिलाय का ते पाहायचं. मग पुढचं बॉनेट. असं दिवसभर.

क्वार्टर बायकोच्या नावावर होतं, ती केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला. त्या दुपारी ती बिचारी खाली बाम मागायला गेली आणि बामऐवजी मेट्रनच वर आल्या. कडक इस्त्रीची पांढरी सुती साडी, छातीवर पिनेनं उलटं टांगलेलं नर्सचं घड्याळ.

"पडदे ओढ!" त्या बायकोला म्हणाल्या. मला वाटलं कपाळावर कुणी पातेलं आपटलं.

मग त्यांची नजर उशाशी पडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांवर गेली. त्यांनी एकेक पाकीट उचलून उजेडाकडे धरलं.

"या महिन्यात किती दिवस घेतल्यास?"

"जवळजवळ रोजच."

"कुणी सांगितल्या?"

"केमिस्टनं."

"गाढवा, डोकं दुखतंय म्हणून गोळी खातोस, का गोळ्या खाऊन खाऊन दुखतंय, हे त्या केमिस्टला विचारलंस? उद्या डॉक्टरकडे जायचं. डोक्याच्या. ते सांगतील ती गोळी आणि सांगतील त्याच दिवशी. ते झालं की रविवारी चार वाजता माझ्याकडे."

"तुमच्याकडे काय असतं?" बायकोनं विचारलं.

"वॉर्ड," मेट्रन म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर आमच्या पलंगाच्या पायथ्याशी, इस्पितळात टांगतात तसा, एक तक्ता टांगलेला. झोप किती, जेवण कधी, दुखलं कधी, आणि दुखण्याआधी काय घडलं. बायकोला हा प्रकार अगदी मनापासून आवडला. शेवटच्या रकान्यात ती माझ्या नकळत 'नणंदेचा फोन' असं लिहून ठेवायची. मेट्रन दर शनिवारी लाल पेन्सिल घेऊन तपासणीला यायच्या. तीन आठवड्यांनी त्यांनी त्या नोंदींवर काट मारली आणि बाजूला शेरा लिहिला: 'नणंद निर्दोष. दुपारचं जेवण चुकवतो.'

डॉक्टरांनी जवळपास तेच सांगितलं. रोजच्या गोळ्या बंद केल्या, वेगळी औषधं लिहून दिली. आणि मेट्रनचं नाव काढल्यावर हसून म्हणाले, "जा. गोळी सोडायची नाही, पण जा."

वॉर्ड म्हणजे मेट्रनची बैठकीची खोली. पाच सतरंज्या, पाच अर्धशिशीवाले. नावं त्यांना लक्षात ठेवायची नव्हती, म्हणून प्रत्येकाला बेडचा नंबर. दोन नंबर म्हणजे शाळेत गणित शिकवणाऱ्या एक मल्याळी बाई, तीन नंबर म्हणजे पलीकडच्या ब्लॉकमधले बंगाली हिशेब तपासनीस. मी चार नंबर. पुढे सरोजिनी नगरच्या बाजारात भेटल्या तरी त्या लांबूनच हाक मारायच्या, "ए चार नंबर! मोशन झालं का, पोट साफ?" आणि निम्मा बाजार माझ्याकडे बघायचा.

"याला इंग्रजीत माइंडफुलनेस म्हणतात," पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. "मराठीत 'लक्ष दे, गधड्या' म्हणतात. डोळे मिट. श्वास बघ."

मी डोळे मिटून मोठ्यानं श्वास ओढला.

"बघ म्हटलं, ओढ नाही म्हटलं! बोअरिंगचा पंप आहेस का?"

पाच मिनिटं शांतता टिकली की बाहेरून भाजीवाला ओरडायचा. आम्ही डोळे मिटून तो आवाज नुसता ऐकायचा, त्याच्यावर चिडायचं नाही, असा नियम होता. नियम आम्हाला होता. मेट्रन ताडकन उठून खिडकीत जायच्या. "ए भैया, जरा धीरे चिल्लाव ना! इधर शांती चालू है!" मग परत येऊन बसायच्या. "हं. आता माझ्यावर कोण कोण चिडलं? ते बघा. राग आला, तो छातीत बसलाय का जबड्यात? मान आवळली का? ही मान आवळायची सवय झाली की डोकेदुखीला आमंत्रण." आणि खरंच, पाचही जणांच्या माना आवळलेल्या असायच्या.

सुरुवातीला त्यांनी आम्हाला प्रत्येकी एक शेंगदाणा दिला आणि तो पाच मिनिटांत खायला सांगितला. बघायचा, हातात फिरवायचा, वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवायचा, अशी ती शिकवणी. मी त्यांच्या नगरच्या शेंगदाण्याचा अपमान नको म्हणून पहिल्याच मिनिटाला खाऊन टाकला. मेट्रननी दुसरा दिला. तोही गेला. तिसऱ्या दाण्याच्या वेळी त्या माझ्या समोर मांडी घालून बसल्या आणि माझ्या जबड्याकडे टक लावून बघत राहिल्या. शेंगदाण्याला आधी गोडसर आणि मागून किंचित कडवट चव असते, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं.

पण भोंदूपणा त्यांच्यात नव्हता. यानं अर्धशिशी बरी होते का, असं कुणी विचारलं की त्या उसळायच्या. "नाही होत! तसं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे जाऊ नकोस. दुखणं एक, आणि दुखण्याच्या धास्तीनं होणारी रडारड दुसरी. पहिलीला डॉक्टरांची गोळी. दुसरीला मी." रेघ दिसायला लागली की मी आधी घाबरायचो. आज कामाचं काय होणार, बसमध्ये उलटी झाली तर काय, या धास्तीनं खांदे कानापर्यंत चढायचे. मेट्रननी शिकवलं ते एवढंच: आधी खांदे खाली, मग पाणी, मग गोळी, मग जे होतंय ते बघत बसणं. हळूहळू माझ्या तक्त्यावरच्या लाल खुणा निम्म्यावर आल्या. यात औषधांचा वाटा किती, वेळेवर जेवण्याचा किती आणि मेट्रनचा किती, ते मला सांगता येणार नाही. मेट्रनही सांगायच्या नाहीत.

हे सगळं त्या कुठं शिकल्या? निवृत्तीच्या आधी त्यांच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी डोकेदुखीच्या पेशंटांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग काढला होता. मेट्रनना खोलीची किल्ली सांभाळायला मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. "पहिल्या आठवड्यात मला वाटलं, थोतांड. दुसऱ्या आठवड्यात छान झोप लागली. तिसऱ्या आठवड्यात घोरल्याबद्दल पेशंटांनी तक्रार केली." आणि चौथ्या आठवड्यात? इथं त्या हटकून विषय बदलायच्या.

एकदा, थंडी नुकती पडायला लागली होती तेव्हा, त्यांनी जाहीर केलं की बंद खोलीत शांत बसणं काही खरं नाही. "अर्धशिशी काय खोलीत येते? ती बाजारात येते, हॉर्न वाजतात तिथं येते. चलो." चर्चमधल्या उपासनेहून परतल्या तशाच त्या आम्हाला रविवारच्या सरोजिनी नगर मार्केटमध्ये घेऊन गेल्या. एकामागे एक रांगेत उभं राहायचं, एकेक पाऊल सावकाश टाकायचं, टाच टेकली, चवडा टेकला, असं मनाशी म्हणत जायचं. आवाज येतील ते येऊ द्यायचे. मेट्रन रांगेच्या पुढे.

कपड्यांच्या ढिगांमधून आम्ही पाच जण बगळ्यांसारखे चाललो होतो. थोड्या वेळानं मला जाणवलं की माझ्या मागे पाच नंबरच्या पलीकडेही कुणीतरी आहे. पाहतो तर बारा-पंधरा माणसं रांगेत उभी. दिल्लीत रांग दिसली की माणूस आधी तिच्यात उभा राहतो, चौकशी मागून करतो.

"भाईसाब, किस चीज़ की लाइन है?" एका सरदारजींनी विचारलं.

"मन की शांती की," बंगाली तीन नंबर गंभीरपणे म्हणाले.

"अच्छा. फ्री है?"

उत्तर द्यायला मेट्रन हव्या होत्या, पण रांगेच्या पुढे मेट्रन नव्हत्याच. स्वेटरांच्या एका ढिगात कमरेपर्यंत वाकून त्या एका जांभळ्या कार्डिगनची बाही ओढत होत्या, आणि दुसरी बाही दुसऱ्याच एका बाईच्या हातात होती. आम्ही टाच टेकली, चवडा टेकला करत तिथवर पोचलो तेव्हा कार्डिगन मेट्रनच्या काखेत होतं. "काय बघताय?" त्या म्हणाल्या. "मी पूर्ण लक्ष देऊनच ओढत होते."

असे ते दिवस मजेत चालले होते. एका बाबतीत मात्र मेट्रन माझ्या मागे लागल्या होत्या. दर शनिवारी तक्ता बघून झाला की विचारायच्या, "सुपरवायझरला सांगितलंस?"

"सांगतो, मेट्रन."

"लपवलेलं दुखणं दुप्पट जड होतं."

सांगायची मला भीती होती. रंग तपासणाऱ्याच्या नजरेतच खोट आहे म्हटल्यावर त्याला कोण ठेवेल? रेघ आली की मी पाणी प्यायच्या नाहीतर लघवीच्या निमित्तानं बाहेर जायचो. ते जमलं नाही तर तसाच उभा राहायचो.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी ते जमलं नाही. माल घाईचा होता, सुपरवायझर मागेच उभा होता. रेघ उमटली. मी मेट्रननी शिकवलेलं सगळं केलं. खांदे खाली घेतले, श्वास बघितला, पायाखालची जमीन जाणवून घेतली. भान पूर्ण होतं, फक्त बॉनेट दिसत नव्हतं. तशी दहा-बारा बॉनेटं मी हातानं 'ठीक आहे' अशी खूण करून पुढे पाठवली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. त्यांवर रंगाचे ओघळ होते. तपासणीच्या बूथमध्ये माझ्यासमोर, पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला, रेवाडीचा एक माझ्याच वयाचा माणूस काम करायचा. आम्ही सहा वर्षं समोरासमोर उभे होतो. तो ठेकेदाराकडून आलेला, मी कायम नोकरीतला. सुपरवायझरनं चौकशी फार केली नाही. त्यालाच सांगितलं, सोमवारपासून येऊ नकोस.

"साहब, मैंने तो अपनी साइड देखी थी," तो एवढंच म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हातमोजे काढत होतो, ते काढत राहिलो.

कंपनीच्या बसमधून परत येताना मला माझीच शिसारी आली. संध्याकाळी मी घरी न जाता तडक मेट्रनच्या दारी गेलो. साहेब दौऱ्यावर होते. दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारली, उत्तर नाही. त्या घरात मला पहिल्यांदाच आतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

मेट्रन कोठीच्या खोलीत होत्या. तांदळाचा डबा आणि भिंत यांच्यामध्ये जमिनीवर बसलेल्या, डोळ्यांवर पदर घट्ट बांधलेला, शेजारी बादली.

"कोण? चार नंबर? दार लाव," त्या म्हणाल्या. ती खरोखरची कुजबुज होती.

मला सगळं एका क्षणात कळलं. मी गोळी शोधून दिली, पाणी दिलं, टॉवेल गार पाण्यात पिळून कपाळावर ठेवला आणि समोर बसलो. दुसरं काय करावं ते कळेना, म्हणून त्यांचेच शब्द म्हणायला लागलो. "श्वास आत जातोय... श्वास बाहेर..."

"'आत जातोय' नाही," पदराआडून आवाज आला. "'आत येतोय'. तू कुठं बसलायस, बाहेर? दीड वर्ष झालं, अजून दिशा कळत नाही."

मी टॉवेल दोनदा बदलला. गोळी लागू पडल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षापासून त्यांना हे होतं. "डोकं धरून बसणाऱ्या बाईच्या हातात वॉर्ड कोण देतं? मी कुणाला कळू दिलं नाही. दुखायला लागलं की धुतलेल्या चादरींच्या खोलीत जायचं, आतून कडी लावायची, गठ्ठ्यांवर अर्धा तास पडायचं, तोंड धुऊन राउंडला निघायचं. पस्तीस वर्षं. त्या डॉक्टरीणबाईंच्या वर्गात चौथ्या आठवड्यात, किल्ली हातात असताना दुखायला लागलं. उठून पळता येईना. तिथंच बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी नुसती दुखले, घाबरले नाही." थांबून त्या म्हणाल्या, "साहेबांना सांगू नकोस हं. काळजी करतील."

मी त्यांना बॉनेटांची आणि रेवाडीच्या त्या माणसाची हकिकत सांगितली. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

"कधी सांगणार आहेस?"

"सोमवारी."

"सोमवारी त्याच्या जागेवर दुसरा उभा असेल. उद्या सुपरवायझरला फोन कर."

"मेट्रन, तुम्ही साहेबांना सांगणार?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

त्यांनी पदर डोळ्यांवरून खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि थोडा विचार केला. इतकी प्रामाणिक बाई मी दुसरी पाहिली नाही. "वेगळं नाही," त्या म्हणाल्या. "तू आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेट्रनच्या बैठकीत, त्यांच्या देखत, फोन लावला. सुपरवायझर हरयाणाचा, गडगडाटी माणूस. मी सगळं सांगितलं. 

"मतलब तू आधा अंधा होके बॉनेट पास कर रहा था?"

"रोज नहीं, सर. जब वो लकीर आती है, तब."

"और वो बेचारा मार खा गया." मग हुकूम सुटला. "कल आ जा. उसको मैं बुलाता हूँ."

सोमवारी त्यानं सगळ्या लाइनसमोर मला असं झाडलं की मेट्रनही थक्क झाल्या असत्या. पण रेवाडीचा माणूस आपल्या जागेवर उभा होता. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं काही चुकलं नाही. मग एका दुपारी कँटीनमध्ये त्यानं न बोलता आपल्या डब्यातला बाजरीच्या रोटीचा अर्धा तुकडा माझ्या ताटात टाकला. डॉक्टरांची चिठ्ठी दिल्यावर मला बूथमधून काढलं आणि नव्या लोकांना रंगातले दोष ओळखायला शिकवतात त्या शेडमध्ये पाठवलं. पहिले काही दिवस मला ती शिक्षा वाटली. मग एका सकाळी मी एका नवख्या कामगारावर ओरडलो, "देख बोला ना, भाग मत!" आणि हा आवाज कुणाचा ते ओळखून स्वतःशीच हसलो.

मेट्रनची पाळी मात्र मी फोन केला त्याच रविवारी दुपारी आली. साहेब दौऱ्यावरून परतले होते. मेट्रननी मला जेवायला थांबवून घेतलं होतं. एकटीला धीर होत नव्हता, असं त्या अर्थातच म्हणाल्या नाहीत. वरण वाढता वाढता त्या एकदम म्हणाल्या, "साहेब, मला अर्धशिशी आहे. तुमच्या जन्माच्या आधीपासून."

साहेबांनी पोळीचा घास मोडला. "हो. माहीत आहे."

पळी हवेतच थांबली. "काय माहीत आहे?"

"आई, पाचवीत असताना मी शाळेतून थेट इस्पितळात यायचो ना? तू चादरींच्या खोलीत असायचीस. मी दाराबाहेर बसून गृहपाठ करायचो. कुणी तुला शोधत आलं तर सांगायचो, मॅडम वरच्या मजल्यावर गेल्यात."

त्या माणसाला मी एका वेळी इतकी वाक्यं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आणि हे मला सांगितलं नाहीस?" मेट्रनचा आवाज चढत चाललेला, आणि त्या मुलाला चक्क 'अरे' म्हणत होत्या. "अरे, मग मी इतकी वर्षं कडी कुणासाठी लावत होते?"

"तुला वाटायचं कुणालाच माहीत नाही. बाबा म्हणाले, तिला तसंच वाटू दे."

मेट्रन पळी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. दहा मिनिटं तिथून भांड्यांचा आवाज येत राहिला. आम्ही दोघं ताटाकडे बघत बसलो. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी साहेबांच्या ताटात भाताचा डोंगर केला, वर तुपाची वाटी उपडी केली आणि म्हणाल्या, "जेवा."

पुढच्या रविवारी त्यांनी वॉर्डात सहावी सतरंजी घातली आणि स्वतः तिच्यावर बसल्या. "सहा नंबर मी," त्यांनी जाहीर केलं. गणिताच्या बाईंनी चाचरत विचारलं, "मेट्रन, आपको खुद है, तो हमें कैसे सिखाती हैं?"

"डेंटिस्ट के दांत नहीं दुखते क्या? मेरे डेंटिस्ट को तो पूरी कवळी है!"

पुढच्या वर्षी साहेबांची शिलाँगला बदली झाली. ट्रक आला त्या सकाळीच मेट्रनना जोराचा झटका आला. आतल्या रिकाम्या खोलीत, जमिनीवरच्या गादीवर त्या पडून होत्या, आणि दाराशी साहेब उभे राहून सामान उचलणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, "भैया, धीरे. माताजी को माइग्रेन है." ब्लॉकमधले सगळे चपला काढून आले होते. बंगाली तीन नंबर आणि मी लोखंडी कपाट घेऊन चवड्यांवर मांजरांसारखे चाललो होतो. गणिताच्या बाई पातेलं आणि झाकण यांच्यामध्ये हात घालून ते नेत होत्या, वाजू नये म्हणून. सगळी बदली कुजबुजत चालली होती. मध्येच आतून एकदम आवाज आला, "कपबशा पेपरात गुंडाळा!" आणि लगेच पाठोपाठ, हळू, "आई गं."

दुपारी त्या बाहेर आल्या. काळा चष्मा, जांभळं कार्डिगन, चेहरा पांढराफटक. आमच्या पाचही जणांपुढे उभं राहून त्यांनी एकेकाच्या खांद्यांवर हात ठेवून ते खाली दाबले. कुणाचे चढलेत ते तपासत असाव्यात. सगळ्यांचेच चढलेले होते. "सलाम," त्या मिशनच्या रीतीनं म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

साहेबांनी खिडकीशी वाकून विचारलं, "आई, ठीक आहेस ना? का उद्या निघूया?"

"ठीक नाही," मेट्रन म्हणाल्या. "पण चला, साहेब."